तीन पर्यायांचा तक्ता

बायकोचं मांडीचं हाड मोडलं तेव्हाही निवृत्त स्टोअरकीपरने आधी फाइल उघडली. कारखान्यात तीस वर्षं त्याने तीन पर्यायांचा तक्ता केल्याशिवाय साधा खिळासुद्धा आत घेतला नव्हता, आणि इथे तर हाडात चांगला वीतभर खिळा बसायचा होता.

सकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी ऑपरेशननंतरच्या दुखण्याचं समजावलं. एक, स्पायनल: पाठीत एकदाच इंजेक्शन, दुखणं दिवसभर थांबतं, पण खाज सुटते, मळमळतं. दोन, एपिड्युरल: पाठीत बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध, कमी-जास्त करता येतं, पण पाय जड होतात, कधी नळी सरकते. दोन्ही चांगले, ठरवा आणि सही करा, असं सांगून त्या गेल्या.

स्टोअरकीपर मागोमाग व्हरांड्यात. "आणि तिसरा?"

तिसरा म्हणजे शिरेतून औषध, पण ते इतकं लागू पडणार नाही, असं बाई चालता चालता म्हणाल्या. तेवढ्यावर गडी खूश झाला. त्याने रकाने आखले आणि वॉर्डभर चौकशी केली. समोरच्या खाटेवर नळी लावून पडलेले मास्तर तिचं गुणगान करू लागले, शेजारच्या शिंपीणबाई इंजेक्शनचं. दोघांची अशी जुंपली की सिस्टरला मधे पडावं लागलं. मग तक्त्याच्या तीन प्रती काढायला तो खाली गेला, आणि संमतीचा कागद सहीविना फाइलमध्येच राहिला. झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकला. तो वर आला तोवर ट्रॉली येऊन दुसऱ्यालाच घेऊन गेली होती. आता नंबर चार वाजता.

बायको चादर मुठीत धरून पडली होती.

दुपारी भूलतज्ज्ञ बाईंनी तक्ता बाजूला सारून सरळ तिलाच विचारलं.

"नळी," ती म्हणाली. "मास्तरांना सिस्टर सारखी येऊन विचारते, दुखतंय का म्हणून. मला चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही."

स्टोअरकीपरने तक्ता पाहिला. खाज होती, मळमळ होती, नळीचा रकाना तर दोन ओळींचा होता. बायको मात्र कुठेच नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंजेक्शनवाल्यांनाही विचारतात, बाई हळूच म्हणाल्या. तुम्हाला इंजेक्शनच बरं पडेल, पाय जड होणार नाहीत. तिने मान डोलावली आणि इंजेक्शनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर स्टुलावर घड्याळ घेऊन बसला. दर तासाला विचारायचा, "दुखतंय का?" ती म्हणायची, "नाही." तिसऱ्यांदा तर तिला झोपेतून उठवून विचारलं, तेव्हा सिस्टरने त्याला दम दिला. संध्याकाळी इंजेक्शनचा असर ओसरत आला, आणि नेमका तेव्हाच त्याचा डोळा लागला.

तिने त्याची बाही ओढली. "अहो, पाच वाजून गेले. विचारलं नाहीत."

"दुखतंय का?"

"हो," ती म्हणाली, आणि संसारात पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली.

स्टोअरकीपर दुसरा कुठलाही पर्याय न बघता अनवाणीच सिस्टरकडे धावला.