टेकचंदभाऊंचं मुखपृष्ठ

टेकचंदभाऊ माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहतात, आधी कानांकडे पाहतात. मी गोंदियाजवळच्या कुडव्यात राहायला आलो त्याच आठवड्यात शाळेच्या ओळखपत्रासाठी त्यांच्या स्टुडिओत गेलो. नाव-गाव विचारायच्या आधीच ते म्हणाले, "उजवा कान दबून हाय जी तुमचा. मान इकडं घ्या. दोन्ही कान दिसले पायजेत." चाळीस वर्षं हा कान माझ्याजवळ आहे, पण आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बायकोच्यासुद्धा नाही.

स्टुडिओ म्हणजे एक स्टूल, एक पांढरा पडदा आणि भिंतीला टांगलेला कंगवा. वीस-बावीस वर्षं त्यांनी फक्त पासपोर्ट फोटो काढले. फोटो दिला की पाकिटावर माणसाचं पूर्ण नाव लिहायचं, हा नियम. कोणी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, मले माझं नाव मालूम हाय," तर ते चिडत. "तुले मालूम हाय, फोटोले कुठं मालूम हाय?"

हा माणूस मासिकाच्या नादी लागला, त्याला कारण मी. नागपूरहून निघणारं एक शेतीचं मासिक मी घेत असे. एकदा ते त्यांच्या काउंटरवर विसरून आलो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी टेकचंदभाऊ फाटकाशी उभे.

"का जी सर, धानाचा जिल्हा आपला, अन् हे फोटो कुठचे छापून राहिले? हे धान आपल्याकडचं नोहे. लोंब पाहा, लोंब."

मला लोंबीतलं काही कळत नव्हतं. पण पुढल्या रविवारी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलेला मीच होतो. कॅमेऱ्याची बॅग माझ्या मांडीवर, आणि मासिकाला लिहायचं पत्रही माझ्याच गळ्यात.

पहिले बारा फोटो आम्ही मोठ्या उमेदीनं पाठवले. त्यात एक शेतकरी होता, समोरून, दोन्ही कान दिसणारा. एक म्हैस होती, समोरून, दोन्ही कान दिसणारी. तिच्यासाठी टेकचंदभाऊ अर्धा तास "इकडं पाह्य, माय, इकडं पाह्य" करत बसले होते. इटियाडोहचं धरण होतं. त्याला कान नसल्यानं ते नुसतंच मधोमध उभं केलं होतं.

संपादकांचं उत्तर आलं. फोटो अतिशय स्पष्ट आहेत, मात्र सगळे आधार कार्डासाठी काढल्यासारखे वाटतात. जरा सहज, माणसांच्या नकळत टिपलेले पाठवा.

"नकळत म्हंजे?"

"म्हणजे त्याला कळू न देता काढायचा."

टेकचंदभाऊंचा चेहरा उतरला. "हे तं चोरी झाली जी."

त्यांना पटवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. उपयोग शून्य. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात ते मिरचीवाल्या बाईसमोर उभे राहून विचारायचे, "फोटो काढू का, माय?" ती हो म्हणायची, पदर सारखा करायची आणि पुतळ्यासारखी बसायची. एक भाजीवाला तर दाढी करून येतो म्हणून गेला तो बाजार उठला तरी आलाच नाही. एकदा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सारसांची जोडी दिसली. टेकचंदभाऊंनी कॅमेरा उचलला, मग खाली घेतला आणि तिथूनच हळू आवाजात विचारलं, "काढू का जी?" दोन्ही पाखरं उडाली. "नाही म्हणतेत," असं म्हणून त्यांनी लेन्सला झाकण लावलं.

मग रोवणी आली. गोरेगावच्या अलीकडे एका बांधीत दहा-बारा बाया चिखलात वाकून धान रोवत होत्या. टेकचंदभाऊंनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, खाली उतरले आणि सगळ्यात पुढच्या म्हातारीला विचारलं. तिचं नाव सायत्राबाई.

"काढ नं बापू," ती वर न पाहता म्हणाली, "पन मी काम नाही थांबवत."

परवानगी तर मिळाली, पण समोर पाहणारा चेहरा काही मिळेना. ते तिच्या पुढे जायला निघाले. चिखलात पाय रुतला, तोल गेला आणि कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरून टेकचंदभाऊ सपशेल मागे बसले. बाया खो खो हसत सुटल्या. सायत्राबाईनं मान वळवली, हातात धानाच्या रोपांचे परे तसेच, तोंडात उरलेले चार दात सगळे दिसताहेत. त्याच क्षणी कॅमेरा सावरताना टेकचंदभाऊंचं बोट बटणावर दाबलं गेलं.

घरी येऊन फोटो पाहिला आणि मी खुर्चीतून उठलो. टेकचंदभाऊ मात्र खिन्न. "एकच कान आला."

"पाठवू का?"

"पाठवा. इचारलं तं होतं तिले."

आठ दिवसांत उत्तर आलं. हा फोटो मुखपृष्ठावर घेत आहोत.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. मासिकात आपलं नाव कसं छापून यावं यावर त्यांनी तीन संध्याकाळी माझ्याशी चर्चा केली. 'टेकचंद बिसेन' की 'टेकचंद बिसेन, कुडवा'? कुडवा टाकलं तर छोटं वाटेल का? गोंदिया टाकलं तर खोटं होईल का? शेवटी कुडवा ठरलं. त्यांनी ते कागदावर सुंदर अक्षरात लिहून काढलं. त्याच वेळी त्यांनी माझ्याकडून आणखी एक ओळ लिहवून पाठवली: फोटोतल्या बाईचंही पूर्ण नाव छापावं, नाहीतर फोटो छापू नये.

"अहो, पहिलाच फोटो आहे. अटी कशाला घालता?"

"बिनानावाचा फोटो मी आजलोक कोणाले देला नाही."

अंक आले. टपालाचं पाकीट टेकचंदभाऊंनीच उघडलं, मुखपृष्ठ मला दाखवलं आणि म्हणाले, "उद्या सायत्राबाईकडे जाऊ."

ती ओसरीत शेंगा सोलत होती. अंक तिनं हात पुसून घेतला, लांब धरला, जवळ धरला. "मी अशी दिसतो?" एवढंच म्हणाली. टेकचंदभाऊंनी आतलं पान उघडून तिथे बोट ठेवलं आणि तिचं नाव, गावासकट, मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही.

मग तिनं विचारलं, "अन् तुयं नाव कुठं हाय, बापू?"

"हे काय," म्हणून टेकचंदभाऊंनी पानाच्या अगदी तळाशी बोट टेकवलं.

"एवढं बारीक काऊन छापलं?"

"फोटोवाल्याचं बारीकच असते, माय."

मी शेजारीच बसलो होतो. त्या ओळीत छापखान्याचा पत्ता होता. मी अंक हातात घेऊन पानं उलटली. टेकचंद नाही, बिसेन नाही, कुडवा नाही.

परतताना मी इतका चिडलो होतो की, संपादकांना काय लिहायचं ते मागे बसून मोठ्यानं बोलत होतो. टेकचंदभाऊंनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली.

"नोका लिहू, सर. त्याहीनं इचारलं होतं. फोन आला होता. मुखपृष्ठाची एकच ओळ राहते म्हणे, नाव एकच बसते. कोनाचं टाकू?"

"मग तुम्ही तिचं सांगितलंत."

"एकदम नाही सांगतलं." ते हँडलकडे पाहत होते. "म्हटलं, दोन मिनिटं थांबा. गिऱ्हाईक बसून होतं स्टुलावर. त्याले तसंच सोडून बाहेर गेलो, रोडवर उभा राहिलो. मंग सांगतलं."

एक एसटी गेली, धूळ उडाली, खाली बसली.

"तिचं नाव सांगाले," टेकचंदभाऊ म्हणाले, "मले दोन मिनिटं कायले लागले जी, सर?"