पाणइंजनाच्या दम्याची हकीकत

श्रीरॉकेलमाता, जी डब्यातून टाकीत, टाकीतून नळीत आणि नळीतून ठिणगीचे मुखी जाते, ती वाचणारांस, ऐकणारांस आणि मध्येच उठोन जाणारांसही प्रसन्न असो. शके अठराशे बासष्ट, विक्रम नाम संवत्सर, आश्विन मास, दसरा होऊन चार दिवस लोटले ते समयी एका राज्यावर बडे संकट गुदरले, ते साद्यंत लिहिले जाते. राज्य ऐसे की पूर्वेस ओढा, पश्चिमेस तोच ओढा वळोन आलेला, आणि मध्ये टेकडीवर महाराजांची गढी व भोवती सारी पेठ. टेकडीवर पाण्याचा थेंब नाही. पायथ्याचे विहिरीवर एक जुने विलायती इंजन, बसल्या म्हशीएवढे, ते रॉकेल पिऊन पाणी वर चढवी, आणि त्या पाण्यावर राजा, प्रजा व पदरचा एकुलता एक हत्ती ऐसे सर्व न्हात असत. इंजनाचे रखवालीस सुभानजी तांबट, किताब यंत्रनाईक. बावीस वर्षे त्यांणी इंजनास दुसऱ्याचा हात लागो दिला नाही, आणि इंजनाचा सूर जरा बदलला की ताटावरून उठोन धावत. कुटुंब ठकूबाई म्हणत, "माझ्या खोकल्याला कधी कूस बदलली नाही, आन् ते नुसतं शिंकलं तर वहाणा न घालता पळता!"

तर त्या दिवशी इंजन चालू जाहले, टुक टुक टुक बोलो लागले, आणि विडा चघळोन होतो न होतो तोच घुरघुरले, आचके दिले आणि निपचित पडले. नाईकांणी टाकीचे टोपण उघडोन पाहिले, रॉकेल काठोकाठ. टोपण लाविले, चाक फिरविले, इंजन चालू. आणि मग पुन्हा एक विड्याने गतप्राण. मग नाईकांणी नळी काढोन फुंकली, तोंडभर रॉकेल जाहले, तरी तेच. मग रॉकेल थेंबथेंब सोडणारे तोटीचे छिद्र घोड्याचे केसाने कोरिले, तरी तेच. मग रॉकेलात कचरा असेल म्हणोन ते राणीसाहेबांचे झिरझिरीत शेल्यातून गाळिले, आणि शेला वासाने कायमचा बाद जाहला, तरी तेच. मग राजोपाध्ये आले, म्हणाले, "आधी आत इंधन आहे ना, पाहा," म्हणोन टोपण उघडविले, लाविले, वर अंगारा टाकिला, आणि इंजन चालले! उपाध्ये मिशीत हसले, लोकांणी त्यांचे पाय धरिले, आणि पाय सोडितात तोच इंजन मेले.

महाराजांचे मेहुणे, ज्यांस कबुतरांचा बहुत शौक, त्यांचा इंजनघरावर जुना डोळा होता. त्यांणी महाराजांचे कानी लागोन हुकूम काढविला की, धनत्रयोदशीचे सकाळी भरदरबारी इंजनाने एक घटका अखंड चालावे. न चालल्यास लोहारांणी घणाने फोडोन त्याचे नांगराचे फाळ करावे आणि ती जागा कबुतरांस द्यावी. आणखी कलम ऐसे की, ज्याचे हातून इंजनास दोष लागला ऐसे ठरेल, त्याचा तो हात पुन्हा इंजनास लागो नये. नाईकांणी हुकूम ऐकिला आणि इंजनाचे पाठीवर हात ठेवोन बसले. पाऊण दिवस बसले. मेहुणेराजे येऊन खोलीची लांबी काठीने मोजोन गेले आणि जाता जाता बोलिले, "नाईक, तुम्हांसही ठेवू हो. कबुतरांस दाणे टाकावयास कोणी पाहिजेच."

धनत्रयोदशीचे आदले दिवशी नाईक चुलीपाशी मान घालोन बसले होते, आणि ठकूबाई फराळाचे तयारीत तेलाचा नवा डबा फोडीत होत्या. त्यांणी खिळ्याने एक भोक पाडिले, डबा कलता केला, तो तेल डचक डचक करोन थांबले. "बघा, ह्यालापण तुमच्या इंजनाची साथ आली," म्हणत त्यांणी पलीकडचे कोपऱ्यास दुसरे भोक पाडिले, डबा सुस्स बोलिला आणि धार अखंड लागली. नाईक ताठ जाहले. "हे दुसरं कशाला पाडलंस?" "अगोबाई! वारा आत गेल्याबिगर तेल बाहेर येतंय व्हय? जन्मभर यंत्रं हाकली आन् एवढं ठावं नाही!" नाईकांचे कानी तोच सुस्स घुमो लागला, कारण टोपण उघडिता दर खेपेस टाकीही ऐसीच श्वास ओढी. टोपणास वाऱ्यासाठी बारीक छिद्र असते, हे ते जाणोन होते. मग छिद्र गेले कोठे? आणि तेच क्षणी त्यांस दसरा आठवला. दर दसऱ्यास शस्त्रपूजेचे वेळी टोपणावर गंध लावण्याचा मान नाईकांचा. गंध दोन दिवसांत झडे. यंदा इंजनाचा देव्हाऱ्यातल्या देवासारखा थाट व्हावा म्हणोन त्यांणी शेंदूर जवसाचे तेलात कालवोन बोटभर जाड लेप थापिला होता, आणि तो वाळोन दगड जाहला होता.

"म्हणजे तुम्हीच त्याचं नाक बुजवलं!" ठकूबाई बोलिल्या, आणि हसो आले ते पदराने दाबिले. मग हुकुमाचे कलम आठवोन त्यांचेही तोंड उतरले. "हे बघा, खरं बोलू नका. इंजान सुरू करा, आन् कुणी विचारलं तर हे दाखवा. नळीत होतं म्हणायचं." ऐसे बोलोन त्यांणी केरातले एक मेलेले झुरळ कागदात बांधोन दिले.

धनत्रयोदशीस विहिरीपाशी दरबार भरला. लोहार घण घेऊन उभे, मेहुणेराजे कबुतरांचे एक खुराडेच संगे घेऊन आलेले. नाईकांणी पेचकस घेऊन शेंदरास लाविला, तोच उपाध्ये गर्जले, "हाऽ! देवाचा शेंदूर खरवडतोस?" नाईक हात जोडोन बोलिले, "गुरुजी, शेंदरी देव कवच सोडतो ना?" "सोडतो. पण आपण होऊन." "मग हाही आपण होऊनच सोडतोय. मी नुसता खाली पडू नये म्हणून धरतोय. आणि कवच वाजतगाजत ओढ्यात सोडायला आपल्याशिवाय दुसरा अधिकार कुणाचा?" उपाध्ये पुढे वाकोन म्हणाले, "जरा डावीकडून उचल, अखंड निघेल." कवच निघाले, नाईकांणी गोधडीचे सुईने छिद्र मोकळे केले, चाक फिरविले, आणि इंजन बोलो लागले. एक विडा जाहला. दुसरा जाहला. घटका भरली, घटका सरली, आणि टेकडीवरोन आरोळी आली, "आलं रे आलं, पाणी आलं!" हत्ती आनंदाने ओरडला, आणि कबुतरे त्या आवाजाने खुराडे उलथोन जी उडाली ती शेजारचे राज्यी जाऊन बसली.

महाराज पुसते जाहले, "नाईक, रोग काय होता?" नाईकांणी कागद उलगडिला. "महाराज, हे नळीत होतं." बोलायास आणि झुरळ उठोन मिशा हलवायास एकच गाठ पडली. ते तुरुतुरु गालिच्यावरोन मेहुणेराजांचे पायींचे चढावात शिरले. महाराज बोलिले, "पंधरवडाभर रॉकेलात राहोन जिवंत? हे झुरळ की ऋषी?" दरबार हसला, मेहुणेराजे एका पायावर नाचले. नाईक मात्र हसले नाहीत. पाठीमागे इंजन टुक टुक करीत होते, आणि त्याचेसमोर आणखी खोटे त्यांचेने बोलवेना. "महाराज, झुरळ निर्दोष आहे. शेंदूर मी लावला, त्याचा दम मी कोंडला. जीव लावताना हात जड झाला. आता हुकूम व्हावा."

मेहुणेराजे चढाव झटकीत ओरडले, "कलम आहे! कलम!" महाराजांणी कलम वाचोन घेतले, नाईकांचे काळवंडले तोंड पाहिले, आणि पुसिले, "शेंदूर कोणत्या हाताने थापला?" "उजव्या, महाराज. देवाचं डाव्या हातानं कसं करू?" "तर कलमाप्रमाणे उजवा हात इंजनास वर्ज्य. डाव्याचे नावे आमचे दप्तरी काही तक्रार नाही. टोपण लावा, नाईक. हत्ती अजोन निम्माच न्हाला आहे." नाईकांणी उजवा हात कमरेमागे धरिला आणि डाव्या हाताने टोपण लावो लागले. तीन वेळा वाकडे बसले, चवथ्याने बसले.

येणेप्रमाणे इंजन वाचले, राज्य न्हाले, आणि नाईक पुढे अकरा वर्षे डावरे होऊन चाकरीस राहिले, इतकी ही हकीकत. वाचणारांणी बोध घेणे असेल तो घ्यावा, नसेल तर आपल्या टाकीचे टोपण तेवढे पाहावे.