माळ उतरली, कावीळ न्हाय

आमच्या वन्सं, म्हंजे मालकांची थोरली भैन, रामराम करायच्या आधी समोरच्याची पापनी खाली ओढायच्या. "बघू दे डोळा." वज्रेश्वरीच्या एस्टीत कंडक्टरची ओढली. एका लग्नात नवऱ्या मुलाची ओढली आनि भर मांडवात जाहीर केलं, "पिवळा हाय!" बिचाऱ्याला हळद लागली व्हती, पन वन्संला सांगनार कोन?

कावीळ उतरवायची इद्या त्यांची. कसल्याशा काड्यांची माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत वाढत पायात उतरली की कावीळ उतरली. आमचं गाव दिघाशी; अर्धी दिघाशी त्यांनी बरी केली म्हनं. उरलेल्या अर्धीचं कोनी इचारत न्हवतं.

मग मीच पिवळी पडले. मालक भिवंडीत कापडाच्या लूमवर, घरचं सगळं माझ्यावर. खाजवून खाजवून अंग सोललं. माळ पायापोतर आली, मी आपली झेंडूसारखी.

"सुंदरे, माळ उतरली, तूच उतरत न्हाईस. हट्टी हाईस."

बरोबर हाय. आजारी पडायची हौस मलाच.

शेवटी डाक्टरनं सोनोग्राफी सांगितली. तवा ती पोटुशीचीच असती, एवढंच ठावं. वन्संनी गावभर केलं, "घरात सून आली आनि हिला आता पाळना!"

संगं मात्र आल्या. डाक्टर पोटावर गार चिकट लावून मशीन फिरवाय लागला.

"सुरकुत्यांना इस्त्री करता का?" वन्संनी इचारलं.

टीव्हीवर मला नुसतं धुकं. डाक्टरनं त्यात बोट ठेवलं. "पित्ताची नळी इथं आवळलीय. वरची फुगलीय, पित्त तुंबलंय. लिवर बिघडायला लागलंय. आता ऑपरेशन केलं तर वाचतील."

"चिरल्याबिगर दिसलं?"

"दिसलं, आजी."

वन्संनी पदर तोंडाला लावला. जन्मात पयल्यांदा. मग म्हनाल्या, "माझी लेक अशीच पिवळी गेली. माळ मीच घातली व्हती. पायापोतर उतरली व्हती हो."

डाक्टर हात पुसत थांबला. "किती वर्सं झाली?"

"लई."

"तेव्हा ही मशीन कुठं होती, आजी."

ऑपरेशन झालं, मी वाचले. वन्सं माझ्या खाटेपाशी बसून ऱ्हायच्या. कोन भेटाय आलं की कुनी न इचारता सांगायच्या, "तवा मशीनच न्हवती."

आनि माझ्याकडं बघायच्या.

मी दर बारी म्हनायची, "न्हवती, वन्सं."