हरलेल्याक कदेल

जगातला कुठलाही तह वर्गात शिकवायला घ्या, जयरामकाका हात वर करणार आणि विचारणार, "मॅडम, हरलेल्याक कदेल दिलें?" कदेल म्हणजे खुर्ची. हरलेल्या पक्षाला बोलणीत बसवून घेतलं की नाही, एवढंच त्यांना हवं असतं. युद्धाची कारणं, परिणाम, सनावळ्या, सगळं गेलं चुलीत.

पेडण्याच्या एका कॉलेजात मी युरोप आणि अमेरिकेचा इतिहास शिकवते, तोही तासिका तत्त्वावर, आणि हा विद्यार्थी माझ्या वडिलांहून मोठा. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर पार्सेला काजू राखत बसावं की नाही? पण प्रवेशाला वयाची अट नाही हे प्राचार्यांना नियम दाखवून पटवलं आणि पहिल्या बाकावर ठाण मांडलं. तेव्हापासून माझा एक तास धड होईल तर शपथ.

व्हिएन्नाची परिषद त्यांना पसंत पडली, कारण हरलेल्या फ्रान्सलाही तिथे बोलणीत घेतलं होतं. "शाणे लोक," असा शेरा मिळाला. व्हर्सायच्या दिवशी मात्र भडका उडाला. जर्मनांना बोलणीत घेतलंच नाही, तयार कागद सहीला पुढे केला, हे ऐकून काका उभे राहिले. "हो तह न्हय. ही फुडल्या झगड्याची तयारी." मग मसुदा जणू मीच लिहिला होता अशा थाटात माझी खरडपट्टी काढली. पोरं खूश! चाचणीत पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली, तर यांनी पानंच्या पानं खुर्चीवर लिहिली. मी सरळ शून्य दिलं. स्टाफरूममध्ये भांडायला आले, पण गुणांसाठी नव्हे, जर्मनांसाठी. जाताना शून्याकडे बघून म्हणाले, जिंकलेल्यांचंच चालायचं.

यंदा अमेरिका आली. तिथलं यादवी युद्ध संपलं तेव्हा जिंकलेल्या सेनापतीने हरलेल्या सैनिकांना सांगितलं, आपापले घोडे घरी न्या, नांगरणीचे दिवस आहेत. एवढं सांगून मी हाताची वाट पाहत थांबले. हात वर आलाच नाही. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी काका बाकावरच.

चवथीच्या आदल्या दिवशी, माझ्या नेवऱ्या कढईत असताना त्यांचा फोन. ताबडतोब पार्सेला या, "तहाक तिसरो माणूस जाय," म्हणजे हवा. सुट्टीतही यांचे तह! चरफडत गेले.

काका गणपतीची आरास करत होते. मला सगळं सांगितलं ते काकींनी. राहत्या घरावरून काकांनी कोर्टात केस जिंकली होती, तीही सख्ख्या धाकट्या भावाविरुद्ध, वसंताविरुद्ध. वसंत अंगावरच्या कपड्यांनिशी बायकोपोरांना घेऊन उतारावरच्या दोन खोल्यांत गेला. निकालात घर आणि घरातल्या वस्तू असं लिहिलेलं, म्हणून काकांनी त्याचं घुमट, आरतीत वाजवायचं ते मातीचं वाद्य, तेही ठेवून घेतलं. आरतीला त्याच्यासारखं घुमट अख्ख्या वाड्यावर कोणी वाजवत नसे. त्यानंतर या घरातली चवथ नुसत्या टाळ्यांवर झाली. वसंताला कुणी बोलावलं नाही, तो आला नाही.

माझं डोकंच फिरलं. साऱ्या युरोपचा राग माझ्यावर काढणाऱ्या या माणसाने भावाचं मातीचं घुमट दाबून ठेवावं? मी तोंडावर विचारलं, "काका, तुम्ही कुठलं कदेल दिलंत?"

काका खाली बघत म्हणाले, "म्हणून तर शिकूंक आयलों."

खुंटीवरचं घुमट काढून ते उतार उतरू लागले, मागे मी. काय बोलायचं ते वाटभर पुटपुटत होते. वसंत अंगणात नारळ सोलत होता. त्याला पाहिलं आणि काकांचं सगळं पाठांतर गेलं. नुसतं घुमट पुढे धरलं. शेवटी म्हणाले, "तुजो घोडो हाडला."

घोडा आणलाय म्हणजे काय, हे वसंताला कसं कळणार? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घुमटाकडे बोट दाखवलं. त्याने घुमट घेतलं, एकदा बोटांनी वाजवून पाहिलं आणि आत गेला. काका उन्हात नापास पोरासारखे उभे. आता मला त्या वसंताचाही राग आला. म्हाताऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवतात?

तेवढ्यात वसंत बाहेर आला. हातात प्लास्टिकची खुर्ची होती. खांद्यावरच्या पंच्याने त्याने ती पुसली आणि काकांपुढे ठेवली.

"बस, दादा."

काका खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले. दिसत नसावं त्यांना नीट. मग वसंतानेच त्यांना दंडाला धरून बसवलं.