फोनच्या आयेचा नंबर

मंगळवारी संध्याकाळी बाबलीचा फोन नाहीसा झाला आणि बुधवारी दुपारी बरोबर चार वाजता त्याच्या घराच्या माळ्यावर माणसं बोलली.

राधाबाई एकट्याच घरात होत्या. चहाचं आधण ठेवलेलं, बाहेर वारा पडलेला. माळ्यावर काजूबियांच्या पोत्यांशिवाय काही नव्हतं. तिथून घोगऱ्या, दबलेल्या आवाजात दहाबारा जण एकदम म्हणाले, "व्हय म्हाराजा!" जरा थांबून पुन्हा, "व्हय म्हाराजा!" मग सगळं चिडीचूप. चहा उतू गेला तरी राधाबाई जागच्या हलल्या नाहीत.

त्यांचा नवरा बाबली त्या वेळी मालवणात पोलीस ठाण्याच्या बाकावर बसला होता. फोन साधा, बटणांचा. शेजाऱ्याच्या फोनवरून लावला तर 'संपर्क क्षेत्राबाहेर' म्हणायचा. तो गेल्याचं बाबलीला एवढं वाईट वाटत नव्हतं. वाईट याचं वाटत होतं, की फोन शेवटचा दिसला तो आंतोनच्या ओसरीवर, आंतोनच्याच हातात. आंतोन म्हणजे पलीकडच्या आवाठातला, म्हणजे वाडीतला, तीस वर्षांचा दोस्त. रोजचा संध्याकाळचा चहा त्याच्याकडे. फोनसुद्धा दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाचे घेतले होते, आणि आंतोनच्या लेकीने, जॉयसने, दोन्ही खोकी एकाच टेबलावर उघडून ते चालू करून दिले होते. आता त्याला विचारायचं कसं? विचारलं आणि तो 'नाही' म्हणाला तर? आणि 'हो' म्हणाला तर? त्यापेक्षा पोलीस बरे, असं बाबलीने ठरवलं.

"आयएमईआय सांगा," हवालदार संचिता मॅडम म्हणाल्या.

बाबली शुद्ध मराठीत शिरला. "आय? आई वारली, मॅडम. फोन माझ्याच नावावर आहे."

"अहो, हँडसेटचा नंबर. पंधरा आकडी, जन्माचा. सिम बदललं तरी तो बदलत नाही. खोक्यावर असतो."

खोकं त्याने पिशवीतून आणलंच होतं. मॅडमनी नंबर घातला, हा नंबर फोनवर कोणती बटणं दाबून पाहायचा तेही दाखवलं आणि म्हणाल्या, "उद्या या वेळेपर्यंत तो फोन बंद पडेल. चोराच्या हातात नुसता डबा राहील." फोनलाही आय असते आणि आपलं पोर कुठे आहे ते तिला बरोबर कळतं, ही गोष्ट बाबलीला एकदम पटली.

घरी राधाबाई दारातच उभ्या. "अवो, माळ्यार कोणतरी आसा. गाऱ्हाणा घालतत!"

बाबलीने शिडीवरून डोकं वर काढलं. पोती होती. पोत्यांनी काही केलं नाही, तरी तो दोन पायऱ्या गाळून खाली उतरला. "देवाकच गाऱ्हाणा व्हया दिसता," राधाबाई म्हणाल्या. "सकाळीच जावया."

गुरुवारी सकाळी देवळात विनीत गुरवाने नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा! बाबलीचो फोन कोणीतरी नेलो हा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेली माणसं म्हणाली.

"खंयचो फोन ता देवाक नीट कळाक व्हया," गुरव मागे वळून पुटपुटला.

"नंबर हाडलंय मा!" बाबलीने खोकं वर धरलं. "फोनच्या आयेचो नंबर!"

दोन म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. गुरवाने मात्र एकेक आकडा देवाला सांगितला आणि गाव पंधरा वेळा "व्हय म्हाराजा" म्हणाला. नवव्या आकड्याला एकाचा घसा बसला. "ह्यो फोन ज्याच्याकडे आसात, तेच्या हातातच तो मरांदे! आणि तो आपल्या पायांन बाबलीच्या दारात येवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

त्याच दुपारी, चारला पाच कमी असताना, बेड्याचा, म्हणजे अंगणाच्या फाटकाचा, आवाज झाला. अंगणातून आंतोन चालत आला. "बाबल्या, आसस काय रे? माझो फोन बग. जॉयसवांगडा बोलता बोलता हातातच मेलो. दिवो पेटता, पण खंयच लागणा नाय."

राधाबाईंच्या हातून पेला पडला. बाबलीने फोन घेतला, मॅडमनी दाखवलेली बटणं दाबली आणि आलेले आकडे खोक्याशी ताडून पाहिले. पंधराच्या पंधरा जुळले. त्याच्या अंगावर काटा आला, आणि त्याहून जास्त, रडू आलं.

"आंतोना, तू? कित्याक रे? मागलं असतस तर दिलंय नसतंय?"

"काय दिलं असतस?"

घड्याळात चार वाजले. माळ्यावरून घोगरे आवाज आले, "व्हय म्हाराजा!"

राधाबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. नवऱ्याने खांब धरला. आंतोनने शांतपणे वर पाहिलं. "गजर झालो. गोळी घेतलस?"

"कसलो गजर?"

"तुझी प्रेशरची गोळी रे! रोज इसारतस म्हणान मंगळवारी मीच तुझ्या फोनात लावलंय. घंटी तू आयकनस नाय, म्हणान तुझ्याच फोनातला जत्रेतल्या गाऱ्हाण्याचा रेकॉर्डिंग घातलंय. फोन तुझ्याच खिशात घातलंय, पण सांगूक इसारलंय."

तिसऱ्या पोत्याची शिवण उसवली तेव्हा काजूबियांतून फोन निघाला. मंगळवारी चहा पिऊन आल्यावर बाबली वाकून पोत्याचं तोंड शिवत होता, तेव्हा खिशातून पडला होता. दोन फोन शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. जॉयसच्या टेबलावर खोक्यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे पोलिसांत जाऊन आणि देवापुढे उभं राहून बाबलीने आंतोनच्याच फोनची आय काढली होती.

आंतोनने खोकं हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हणजे तू माका चोर समजलस," तो म्हणाला. राधाबाईंनी चहा पुढे केला. तो न घेता आंतोन निघून गेला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाबलीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी तक्रार मागे घ्यायचं काम संचिता मॅडमनी एका अर्जावर भागवलं. विनीत गुरव मात्र ऐकेना. "ह्या अर्जासारखा न्हय. गाऱ्हाणा मागे घेवचा, तर देवाक चोर दाखवचो लागता."

दुपारी पुन्हा माणसं जमली. आंतोनही आला होता, पण हाताची घडी घालून पायऱ्यांखालीच उभा राहिला. सभामंडपात वारा नव्हता. समईची ज्योत हलत नव्हती.

"बा देवा म्हाराजा," बाबली हात जोडून म्हणाला, "फोन माझ्याच पोत्यात होतो. आंतोनान काय एक करूक नाय. तेणा माझ्या जिवाची काळजी केली, आणि मी तेच्यावर संशय घेतलंय. चोर कोण आसात, तर..." त्याने दोन्ही कान धरले. "तर तो मीच!"

याला 'व्हय' कोण म्हणणार? माणसं एकमेकांकडे बघू लागली. गुरवाने नारळ या हातातून त्या हातात घेतला. एवढ्या शांततेत चार वाजले आणि खुद्द बाबलीच्या छातीतून दहाबारा जण एकदम गरजले, "व्हय म्हाराजा!"

साऱ्या गावाने हात जोडले. एक म्हातारी तर आडवीच झाली.

"बाबल्या," पायऱ्या चढत आंतोन म्हणाला, "गोळी घे."