नानांचं मत

भानुदासनानांना तारीख विचारायची नाही, हे मी पहिल्याच फॉर्मला शिकले. वडवणीच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. नातीच्या शिष्यवृत्तीसाठी नाना आले होते. मी तिची जन्मतारीख विचारली, तर म्हणाले, "वकीलसाहेब दुसऱ्यांदा पडले न्हाई का, त्याच्या मागल्या आठवड्यात."

वकीलसाहेब, मास्तर, कारखानेवाले ही आमच्या मतदारसंघात कधी निवडून आलेली, कधी पडलेली माणसं. नानांच्या डोक्यात सालं नाहीतच, आमदार आहेत. त्यांचं लग्न मास्तर निवडून आले तेव्हाचं, विहीर मास्तर पडले तेव्हाची. डॉक्टरांनी विचारलं, गुडघा कधीपासून दुखतो, तर म्हणे, "कारखानेवाल्यांची दुसरी टर्म लागल्यापासून." शेवटी मी सगळ्या निकालांची सालं एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवली, एकट्या नानांसाठी.

नाना बूथवरचे जुने एजंट. कोणत्या गल्लीत किती मतं फुटली, कोणाची सून माहेरच्या उमेदवाराला मत देऊन आली, सगळं तोंडपाठ. दर वाक्याला "हाय का न्हाई?" विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत.

पण गेल्या वर्षभरात हा माणूस भलताच धास्तावला. मतदारसंघांची पुनर्रचना होणार, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. रोज सकाळी मी शटर वर करायच्या आत नाना पायरीवर हजर.

"पोरी, नकाशा आला का?"

"नाही आला, नाना."

"नीट बघ. लई धोका हाय."

कसला धोका, ते सांगत नसत.

मागच्या महिन्यात त्यांच्या मोबाइलवर कोणीतरी खरोखरच एक नकाशा पाठवला. नानांनी तो माझ्या कॉम्प्युटरवर मोठा करायला लावला. त्यांचं बोट नदीच्या रेघेवरून फिरत फिरत एका जागी थांबलं. अलीकडे नानांचं गाव, पलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचं, सोपानचं. दोन्ही गावांना एकच रंग दिला होता, म्हणजे मतदारसंघ एकच. नाना धपकन स्टुलावर बसले.

"माझं नाव काढ मतदार यादीतनं."

"नाना, तुम्ही? अहो, टायफॉइडमध्ये दवाखान्यातून उठून तुम्ही मत द्यायला गेला होता!"

"गेलतो. आता न्हाई जायाचं. काढ."

मी नाव वगळायचा फॉर्म उघडला. "कारण द्यावं लागतं. मयत, कायमचं स्थलांतर, दोन ठिकाणी नाव. यातलं काय टाकू?"

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. "धाकटा भाऊ, असं न्हाई का त्याच्यात?"

मग मी माऊस बाजूला ठेवला, तेव्हा नाना बोलले. पूर्वी दोन्ही गावं एकाच मतदारसंघात. नाना वकीलसाहेबांचे, सोपान कारखानेवाल्यांचा. वकीलसाहेब पहिल्यांदा पडले, त्या संध्याकाळी सोपाननं मिरवणूक नानांच्या दारात आणली आणि गुलालाची मूठ मोठ्या भावाच्या तोंडाला फासली. नानांनी भरल्या गल्लीत त्याच्या मुस्काटात दिली. तिथून बोलणं बंद. सोपानच्या पोरीच्या लग्नाचीही पत्रिका आली नाही.

मग मागची पुनर्रचना झाली. सोपानचं गाव शेजारच्या मतदारसंघात गेलं. पुढची निवडणूक लागली आणि एक दिवस सोपानची मोटारसायकल नानांच्या दारात उभी राहिली.

"'दादा, तुमच्याकडं कोण उभं हाय?' म्हणला. पाव्हण्यानं पाऊसपाणी इचारावं तसं. मग मीबी इचारलं, तुमच्याकडं कोण? जेवूनच गेला." नानांनी पडद्यावरच्या नदीवर बोट ठेवलं. "आता परत एक झालो तर? माझं तोंड मला ठावं हाय. निवडणूक लागली की मला भाऊ दिसत न्हाई."

"नाना, हा सरकारी नकाशाच नाही. कोणीतरी घरी बसून रंग भरलेत."

"आज खोटा आसंल. उद्या?"

"आणि मत दिल्याशिवाय करमेल तुम्हाला?"

त्यांनी टोपी काढून तिची घडी घातली. "न्हाई करमायचं. पण पोरी, दहा-बारा वर्सं त्याची गाडी माझ्या दारावरनं जायची. मला आवाज वळखू यायचा. दर खेपंला वाटायचं, आज थांबंल."

मी कॉम्प्युटरवरचा फॉर्म बंद केला आणि कोऱ्या फॉर्मची प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली. खरा नकाशा आला तर बघू, म्हटलं. नानांनी काउंटरवर वाकून सावकाश सही केली. तारीख टाकली नाही. कागदाची चौघडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि निघाले. पायरीवरून परत फिरले.

"सोपान इकडं आला तर यातलं काई बोलू नको."

"का हो नाना?"

"त्यो बी नाव काढंल. दोघांची मतं कशाला वाया घालवायची?"