परबांचा भोंगा

"हॅलो, हॅलो... माईक टेस्टिंग! गल्लीतील तमाम बंधू-भगिनींना कळवण्यात येतं, की हिरामावशी टोपली घेऊन कोपऱ्यावर आलेली आहे. आज बोंबील आहेत. मावशी हिरव्या लुगड्यात आहे, केसात अबोलीचा गजरा आहे. मूड चांगला दिसतोय, कोणाला भाव करायचा असेल तर आत्ताच करून घ्या. पोचलं का?... सूचना समाप्त!"

हे आमचे परबकाका. घाटकोपरला भटवाडीच्या आमच्या गल्लीत त्यांचं मंडपाचं दुकान आहे. खुर्च्या, पातेली, सतरंज्या आणि साऊंड भाड्याने. आता लग्नं हॉलमध्ये होतात, हॉलवाले सगळं आपलंच देतात. मग साऊंडचं करायचं काय? परबकाकांनी दुकानाच्या पत्र्यावर एक जुना भोंगा बांधला, समोर स्टुलावर बसले आणि दिवसभर गल्लीच्या बातम्या द्यायला लागले.

आणि बातम्या तरी कसल्या! गिरणीत कोणाचं दळण झालं, कोणाची सून माहेरहून आली, कोणी केस काळे केले. एकदा श्रावणी सोमवारी आमच्या मजल्यावरचे दळवी पिशवीत अंडी लपवून नेत होते, तर वरून आवाज, "दळवी साहेब, पिशवी जरा सावकाश. आतला माल नाजूक आहे. पोचलं का?" दळवीवहिनी त्या आठवड्यात दळव्यांशी बोलल्या नाहीत.

मी शुभांगी. काकांच्या दुकानासमोर माझं पोळी-भाजी केंद्र आहे. मी दिवसभर तव्यापुढे, म्हणजे भोंग्याच्या बरोबर तोंडापुढे. खरं तर तोंडापुढे नाही, कारण या बाबाने भोंगा गल्लीकडे लावायचा सोडून आभाळाकडे तोंड करून बांधला होता! मी म्हटलं, "काका, कावळ्यांना सूचना देताय का?" तर म्हणाले, "कावळ्यांका पण कळाक व्हया." माईकवर काका अगदी पुस्तकातलं बोलायचे, माईक बंद झाला की मालवणी.

आणि ते 'पोचलं का?' तर प्रत्येक सूचनेनंतर ठरलेलं. एवढं म्हणून कानामागे हात धरायचे, मान तिरकी करून वर बघायचे, जरा थांबायचे, मग खूश होऊन 'सूचना समाप्त'. आम्ही हसायचो. सुमनकाकी, म्हणजे परबकाकी, लकवा येऊन अंथरुणाला खिळल्या आणि काकांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गल्लीचं मत होतं. काकींची खोली दुकानाच्या वरच, तिसऱ्या मजल्यावर. त्यांचा अर्धा देह गेला होता आणि बोलणंही गेलं होतं. दोघांचा डबा माझ्याकडून जायचा, काकींची भाजी मी मऊ शिजवून वेगळी काढायची.

पण एक सांगते, या वेड्या माणसाने गल्लीची दुकानं जगवली. दहा मिनिटांत घरपोच देणारे ते मोबाईलवरचे लोक आले आणि आम्हा सगळ्यांची वाट लागली होती. लोक खाली उतरेनातच! मीठसुद्धा लिफ्टने वर जायला लागलं. तेव्हा काकांनी आम्हा दुकानदारांना बोलावून सांगितलं, "उद्यापासून एकेकान माईकवर येवचा. पण नियम एकच. स्वतःची जाहिरात स्वतः करूची नाय. दुसऱ्याची करूची."

मी म्हटलं, "हा कुठला धंदा?"

"सुमनचो नियम आसा. ती गल्ल्यावर बसायची तेव्हा कोणाक स्वतःचा कौतुक करूक देयत नव्हती."

आणि चिठ्ठी टाकून मला आला कोण? छेडाशेठ! पिठाच्या गिरणीवाला. गल्लीत दुसरं कोणीही चाललं असतं हो. या माणसाने माझ्या गव्हात कोणाची तरी बाजरी मिसळून दिली होती, त्या दिवशी माझ्या पोळ्या राखाडी झाल्या आणि गिऱ्हाइकांनी मला सोलून काढलं. वर म्हणतो कसा, "बेन, बाजरी तब्येतीला चांगली." तेव्हापासून आमचं बोलणं बंद, उरलं ते फक्त भांडण. पीठ मी पार स्टेशनकडून आणायची.

माईक हातात घेतला आणि दात-ओठ खात म्हटलं, "छेडाशेठची गिरणी... असते. सकाळी उघडते."

"एवढाच?" काका कुजबुजले.

"रात्री बंद होते."

गल्ली हसून लोळायची बाकी. मग छेडाशेठ आला. हा एवढा मोठा देह आणि आवाज पिपाणीसारखा! म्हणाला, "शुभांगीबेनची पोळी एकदम झकास. मऊ. माझं पीठ घेतलं असतं तर अजून मऊ झाली असती." नियम मोडला म्हणून काकांनी माईक काढून घेतला.

पण चमत्कार झाला बघा. झेरॉक्सवाले कांबळे सर माईकवर हिरामावशीच्या बोंबलांबद्दल असं काही बोलले, की शाकाहारी लोकसुद्धा नुसते बघायला उतरले. मावशी माहुलहून टोपली घेऊन यायची, तिने कांबळे सरांचं कौतुक केलं, "सर एक कागद टाकतान नि दोन काढतान, असा हुशार मानूस!" लोक उतरले ते हसायला, आणि उतरलेच आहेत तर कोथिंबीर घेऊन गेले, चपलेचा अंगठा शिवून गेले. संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. काय दिवस होते! मला पोळ्यांना दुसरी बाई ठेवावी लागली.

मग शेजारचा नवा टॉवर राहायला आला. भोंगा आभाळाकडे, म्हणजे थेट त्यांच्या खिडक्यांत. तिथे एका बाईचं तान्हं बाळ दुपारी झोपेना. तिने तक्रार केली. तिचं काही चुकलं नाही, मी तिच्या जागी असते तर भोंग्यात कणीक भरली असती.

हवालदार आले त्या दिवशीची सूचना मला तोंडपाठ आहे. "तमाम नागरिकांना कळवण्यात येतं, की हवालदार साहेब गल्लीत शिरलेले आहेत. उन्हातून आलेत, कोणीतरी पाणी द्या. साहेबांच्या हातात कागद आहे. चेहऱ्यावरून वाटतं, कागद आपल्यासाठीच आहे."

"अहो काका, तुमच्यासाठीच आहे. परवानगी नाही तुमच्याकडे. बंद करा ना," हवालदार अगदी काकुळतीला आले.

"साहेब म्हणतात, बंद करा. पोचलं का?" काकांनी कानामागे हात धरला, वर बघितलं. या खेपेला जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "सूचना समाप्त," आणि स्वतःच्या हाताने वायर काढून भोंगा साहेबांच्या हवाली केला.

दुसऱ्या दिवसापासून काका दुकानात मुके. आम्हाला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, दळव्यांनी तर उघड्यावर अंडी आणली. पण दोन-चार दिवसांत गल्ली कशी सुनी-सुनी वाटायला लागली. लोक उतरेनात. आणि माझ्या लक्षात आलं, की काकींचा डबा परत येतोय. भाजी जशीच्या तशी, पोळीचा एक तुकडा मोडलेला.

एका सोमवारी काका डबा न्यायलाच आले नाहीत. मी डबा घेतला आणि तीन जिने चढून वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज, अगदी हलका:

"हॅलो, हॅलो... माईक टेस्टिंग. तमाम बंधू-भगिनींना कळवण्यात येतं..."

काका पलंगाशी उभे होते. हातात पळी, माईकसारखी धरलेली. पलंग खिडकीच्या खालीच, पण काकींना उठून बाहेर बघता थोडंच येणार! त्यांच्या उशाशी एक स्टीलचा पेला आणि डाव्या हातात चमचा होता.

"हिरामावशी आलेली आहे. पापलेट आहेत. पोचलं का?"

काकींनी पेल्यावर चमचा मारला. ठण, ठण. दोनदा.

"बरा गो, नाय इली. सोमवारी नाय येणा ती." काकांनी घसा खाकरला. "तर मग... शुभांगीचं आणि छेडाशेठचं पुन्हा कडाक्याचं भांडण झालेलं आहे. पोचलं का?"

ठण, ठण! आणि काकींनी चमचा टाकून दिला. चांगला हात पलंगाला टेकवून तोंड भिंतीकडे फिरवलं.

माझ्या हातातला डबा वाजला. काकांनी वळून बघितलं, पळी पाठीमागे लपवली, पोरं आंबा लपवतात तशी.

"एकदा वाजवल्यान काय पोचला," ते म्हणाले. "दोनदा वाजवल्यान काय मी फेकतंय. आणि आता खोटा सोडून माझ्याकडे आसा काय? खालसून वर येयसर बातमी शिळी होता. तिका शिळा चालत नाय."

तव्याच्या नि गिरणीच्या आवाजात खाली आम्हाला हे ठण कधी ऐकूच आलं नव्हतं. मग काकाच सांगत बसले. काकी सगळं आयुष्य खाली गल्ल्यावर बसल्या, गल्ली हाच त्यांचा टीव्ही. अंथरूण धरलं तेव्हा पहिले कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, खात नव्हत्या. एके दिवशी काकांनी सहज भोंगा तपासायला घेतला आणि गंमत म्हणून हिरामावशीचं लुगडं कुठल्या रंगाचं ते सांगितलं. वर आले तर काकी खिडकीकडे वळलेल्या! त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

"म्हणजे हे सगळं... काका, आम्हाला वाटलं तुम्ही गल्लीला सांगताय!"

"गल्लीक कशाक? तुमका डोळे नाय काय? मी तिकाच सांगी होतंय गो. तुम्ही सगळे फुकट ऐकी होतात."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला शिव्या द्याव्यात की पाया पडावं? मी जिना कसा उतरले मला ठाऊक नाही. डोळे पदराला पुसले आणि तडक छेडाशेठच्या गिरणीत शिरले. तो मला बघून मागेच सरला, त्याला वाटलं बाजरीचा हिशोब आज चुकता होणार.

"शेठ, गिरणी बंद कर आणि ऐक."

त्याने गिरणी बंद केली. ऐकून झाल्यावर पिठाने माखलेल्या हाताने नाक पुसलं, त्यामुळे नाक पांढरं झालं. म्हणाला, "बेन, भोंगा नाय तर नाय. गळा तर आपला हाय ना?"

"तुझा गळा? तुझा आवाज पहिल्या मजल्यावर तरी जाईल का?"

"मग तुझा जाईल. तू दोन वर्षं मला ओरडतेय ना, प्रॅक्टिस हाय."

संध्याकाळपर्यंत काका सोडून सगळ्या गल्लीला कळलं. कांबळे सर टॉवरमध्ये जाऊन त्या बाळाच्या आईला भेटून आले. दुपारी बाळ झोपेल तेव्हा गल्ली गप्प, सकाळी काय ते चार शब्द ओरडू, असं ठरलं. ती बाई एवढी मऊ निघाली, म्हणाली, मला आधी का नाही सांगितलंत?

मंगळवारी सकाळी सगळे काकांच्या दुकानापुढे जमलो. काका स्टुलावर, खाली मान घालून. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. हिरामावशीने टोपली उतरवली, कमरेवर हात ठेवले आणि तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून अशी आरोळी ठोकली, की विजेच्या तारेवरचे कावळे उडाले. तिला भोंगा कशाला, तीच भोंगा!

"अगो सुमनबाय! कांबले सरांनी आज नवा शरट घातलाय गो! चौकटीचा! वर इस्त्रीचा डाग हाय!"

सर लाजून लाल. पण त्यांनीही हाताचा कर्णा केला. "काकी! मावशीकडे आज कोलंबी आहे, आणि गजरा मोगऱ्याचा आहे!"

मग छेडाशेठ. त्याची पिपाणी पहिल्या मजल्यावर जाऊन अडकली, म्हणून चपलावाल्याने त्याचंच वाक्य पुन्हा ओरडलं. टॉवरच्या सातव्या मजल्यावरून बाळाची आई ओरडली, "कोलंबी ठेवा माझ्यासाठी!" मग काय विचारता! जो तो दुसऱ्याचं सांगतोय, कोणाचं कोणाला ऐकू येत नाहीये, रिक्षा थांबल्या, दळवी गॅलरीतून ओरडतायत की मी आज अंडी आणली नाहीत!

शेवटी माझी पाळी आली. मी छाती भरून श्वास घेतला.

"काकी! छेडाशेठचं पीठ मी आजपासून परत घेणार आहे! चांगलं असतं! बाजरी नसली तर फारच चांगलं असतं! पोचलं का?"

आणि सगळी गल्ली एका दमात गप्प झाली. सगळ्यांनी काकांसारखे कानामागे हात धरले आणि मान तिरकी करून वर बघितलं. काहीच नाही. मला वाटलं, गेलं सगळं फुकट, बाई भिंतीकडे तोंड करूनच पडल्या असतील.

ठण!

एकच, पण अशी खणखणीत, की छेडाशेठने मला मिठीच मारायची बाकी ठेवली. टाळ्या काय, शिट्ट्या काय! हिरामावशी तर कमरेवर हात ठेवून नाचलीच.

परबकाका स्टुलावरून उठले. आम्ही म्हटलं, काका, एक तुमची होऊन जाऊ दे! जन्मभर माईकवर बोललेला माणूस, पण तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी तोंडावरून फिरवला, पुन्हा फिरवला, मग वर खिडकीकडे बघून कसंबसं म्हणाले,

"सुमन... मी काय रडत नाय हां गो."

वरून चमचा वाजला. ठण, ठण.